धोंड्याच्या वाणातलं घड्याळ

माझ्या डाव्या हातातलं घड्याळ मी कधीही काढत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवर डिंभ्याला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, माझं फार नाव आहे. तिथल्या बाया आपापल्या जावयांना माझा दाखला देतात. जावई असावा तर सुमनच्या मालकासारखा, म्हणतात. सासऱ्यानं दिलेली वस्तू आंघोळीलासुद्धा उतरवत नाही! मी मान खाली घालून गप्प बसतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. वाटू दे बापड्यांना.

आता खरं काय ते सांगतो. माझं घर डिंगोऱ्याला आणि मोटार वाइंडिंगचं दुकान नारायणगावात. सगळा द्राक्षं-टोमॅटोचा मुलूख. कुणाच्या विहिरीवरची मोटार जळली की ती जीपच्या टपावर बसून माझ्याकडं येते, मी तिची तार बदलतो आणि ती पुन्हा फिरायला लागते. या जोरावर दुकानाच्या पाटीवर मी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं : 'येथे कोणतीही बंद वस्तू चालू करून मिळेल.' (नुसतं 'मोटार' लिहिलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.)

लग्नात मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला घड्याळ कबूल केलं होतं. त्या वर्षी बिचाऱ्यांना ते जमलं नाही. मी चकार शब्द काढला नाही. खरं तर माझ्या ध्यानातही नव्हतं. पण मामांचे चुलतभाऊ तात्या, त्यांची आठवण दांडगी. बारसं असो, जत्रा असो, तात्या चारचौघांत विचारणारच, "काय महादबा, जावयाला टाइम कळतो का आजून?" मामा हसल्यासारखं करायचे आणि धरणाच्या पाण्याचं काहीतरी काढायचे. पाच वर्षं हे चाललं होतं. माझ्यापायी त्या भल्या माणसाला खाली बघावं लागतंय, यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग माझा मेहुणा मस्कतला क्रेन चालवायला गेला आणि पहिल्या सुट्टीत एक भारी परदेशी घड्याळ घेऊन आला. सोनेरी पट्टा, सेलची भानगड नाही, हात हलत राहिला की आपोआप चावी बसायची. मामांनी ते एकदाही स्वतःच्या हातात घातलं नाही. धोंड्याचा महिना येईस्तोवर ते कपाटात धोतराच्या घडीत ठेवून दिलं. हा अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि तेव्हा जावयाचा मान मोठा. तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर कपडे, पुरणाचे धोंडे पोटभर. मामांनी ठरवलं, घड्याळ वाणाबरोबर द्यायचं, सगळ्या भावकीसमोर आणि तात्याच्या डोळ्यांदेखत. सुमनला सांगून माझ्या मनगटाचं माप गुपचूप सुतळीनं मागवलं (मी झोपेत होतो, मला वाटलं मुंग्या चढल्या) आणि आदल्या दिवशी घोडेगावच्या घड्याळवाल्याकडून पट्ट्याच्या दोन कड्या कमी करून, टाइम लावून आणलं. एवढी तयारी तर त्यांनी आमच्या लग्नातही केली नव्हती.

तो दिवस आला. मी नवा फुल बाह्यांचा शर्ट घालून पाटावर बसलो. शेजारी सुमन. समोर भावकी, आणि तात्या खांबाला टेकून. मामींनी ओवाळलं, वाण दिलं. मग मामांनी डबी उघडली.

"घाला, पावणं," एवढंच म्हणाले.

मी त्याच वेळी ते घातलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण माझा एक नेम आहे. माझ्या दुकानात कुठलंही यंत्र हळद-कुंकवाशिवाय चालू होत नाही. मी भर सभेत हात वर केला. "मामा, यंत्र हाय हे. आदी पूजा. न्हाईतर दगा देतंय."

सगळ्यांना कौतुक वाटलं. मामींनी ताम्हण पुढं केलं. मी पट्टा उलगडला, बाहेरून हळद-कुंकू लावलं, आतूनही लावलं (आपलं काम पक्कं असतं!), वर हळदीच्या अक्षता चांगल्या मूठभर वाहिल्या आणि डोळे मिटून नमस्कार केला. मग घड्याळ झटकलं, मनगटात घातलं आणि लॉक दाबलं.

लागेना.

पुन्हा दाबलं. या लॉकला आत दोन पाती होती. डावं पातं निमूट बसायचं आणि उजवं उसळून वर यायचं. सगळे बघत होते. मी पटकन बाही खाली ओढली, मनगट पोटाशी आवळून धरलं आणि म्हणालो, झकास बसलंय. मामा म्हणाले, तात्याला दाखवा की. मी म्हणालो, जेवताना दाखवतो, आधी हातपाय धुऊन येतो. आणि पोटात कळ आल्यासारखा वाकून परसात गेलो.

सुमन मागून आलीच. तिला माझं चालणं बघून कळतं. तिचं म्हणणं सरळ होतं, बाबांना सांगून टाका.

"तात्या ऐकंल," मी म्हणालो. "नकली हाय म्हनंल. मग तुझ्या बानं काय करायचं?"

घोडेगावला न्यावं तर सकाळची एसटी गेलेली, आणि दुपारची येईल की नाही हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं. मी बाह्या सारल्या. मी मेकॅनिक आहे, म्हणालो. सुमननं विचारलं, घड्याळाचे? काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

पहिलं निदान : लॉक कोरडं पडलंय. मामांच्या डिझेल इंजिनाचं ऑइल आणून चार थेंब सोडले. पातं आता नुसतं उसळत नव्हतं, घसरून उसळत होतं. दुसरं निदान : घोडेगाववाल्यानं पातं वाकवलंय. त्या गरीब माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी इंजिनाच्या पेटीतली पक्कड आणली आणि पातं सरळ केलं. ते आधी सरळच होतं, हे नंतर कळलं. तिसरं निदान : लॉकच्या दोन्ही अंगांना दोन बारीक बटणं बाहेर आलीत, तीच आडवी येतायत. पक्कडीत धरून दोन्ही आत दाबली. चांगली बसली आत. (पुन्हा कधी बाहेर आली नाहीत.) तरी लॉक ढिम्म! मग मात्र माझं डोकं सटकलं. मी पाट्यावर घड्याळ ठेवलं, वर टॉवेल घातला आणि वरवंटा उचलला.

"अवो, आता नको," सुमन म्हणाली.

मी हटणारा माणूस नव्हे. हळूच दोन ठोके दिले. टॉवेल उचलून बघितलं तर काटे चालत होते आणि पातं पूर्वीसारखंच वर.

घरातून हाका यायला लागल्या, पंगत बसली म्हणून. आता दुरुस्तीला वेळ नव्हता. पण वाइंडिंगवाल्याच्या खिशात तांब्याची तार कायम असते. सोनेरी पट्टा आणि तांब्याची तार, लांबून बघणाऱ्याला काय कळतंय? सुमनकडून चार वेढे देऊन घेतले, पीळ मारला आणि राजासारखा पंगतीला जाऊन बसलो. शेजारच्या पाटावर कोण यावं? तात्या! तेही डाव्या अंगाला.

दोन धोंडे होईस्तोवर मी हात मांडीवरून हलवला नाही. तात्याला दम निघेना. "बगू की पावणं, मस्कतचा माल," असं म्हणून त्यांनी माझं मनगट धरून वर ओढलं. तार सुटली. घड्याळ बोटांवरून घसरलं आणि माझ्याच ताटातल्या कटाच्या आमटीच्या वाटीत जाऊन बसलं.

वाढणारी माणसं जागच्या जागी थांबली. तात्यांनी तांब्याची तार दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "तारेनं बांदलं व्हतं व्हय? लॉकच न्हाई? महादबा, तुज्या पोराला मस्कतात कुनीतरी फशिवलं बग."

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. पाच वर्षं जो माणूस हसल्यासारखं करत होता, त्याला त्या दिवशी तेवढंही जमेना. मी म्हणालो, "मामा, घड्याळ अस्सल हाय. मलाच बसवता येईना." एवढं बोलायला मला लई जड गेलं, राव. समोर माझी तीन गिऱ्हाइकं जेवत होती.

तेवढ्यात मामींनी माझी वाटी उचलली. त्या घड्याळ चुलीपाशी घेऊन गेल्या, गरम पाण्यानं धुतलं, पदरानं पुसलं आणि उंबऱ्याच्या उजेडात डोळ्यांजवळ धरलं. उभा जन्म तांदूळ निवडण्यात गेलेली बाई ती.

"तांदूळ हाय की ह्यात," त्या म्हणाल्या.

बांगडीतली पिन काढून त्यांनी उजव्या पात्याच्या बेचक्यातून एक दाणा टोकरला. माझ्या अक्षतांमधला! ओल्या हळदीनं तिथं चिकटलेला, सोनेरी पट्ट्यात पिवळा, म्हणून मला दिसला नव्हता. वरवंट्यानं त्याचा अर्धा तुकडा उडाला होता, उरलेला अर्धा नेटानं जागा धरून होता. मामींनी घड्याळ माझ्या हातात घातलं, अंगठ्यानं दाबलं आणि टक्कन आवाज आला. अख्ख्या पंगतीनं ऐकला.

मामांनी पाण्याचा घोट घेतला. मग सावकाश तात्यांकडं वळले. "तात्या," ते म्हणाले, "इचार आता जावयाला टाइम."

तात्यांनी विचारलं नाही, पण मी सांगितला. एक वाजून वीस मिनिटं. मामांना असं पोटातून हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी त्या दिवशी सात धोंडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंगोऱ्याला आंघोळीच्या वेळी घड्याळ काढायला गेलो. निघेना. लॉक उघडायचं ते त्याच दोन बटणांनी, आणि ती मी पक्कडीनं कायमची आत बसवली होती. एक महिना सगळे उपाय केले. कापून काढायचं तर मामांच्या मानाला करवत लावल्यासारखं. घोडेगाववाल्याकडं जावं तर काय तोंडानं? आणि पट्ट्याचं माप सुमनचं, इतकं बिनचूक की हाताला तूप लावूनही सुटेना. शेवटी दुकानाच्या पाटीवरचं 'वस्तू' पुसून 'मोटार' केलं आणि गप्प बसलो. तिथून माझ्या सासरभक्तीची कीर्ती सुरू झाली.

तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला. पुन्हा पाट, पुन्हा भावकी, पुन्हा तात्या खांबाला. मामांनी दुसरी डबी पुढं केली. मेहुण्यानं या वेळी पहिल्यापेक्षा भारी घड्याळ पाठवलं होतं. काळीभोर तबकडी, खाली तारीख आणि वारसुद्धा.

"जुनं काडा, पावणं. ह्ये घाला."

सगळे माझ्या मनगटाकडं बघत होते. सुमननं पदर तोंडाला लावला, ती हसत होती. मी दोन्ही हात जोडले. "न्हाई मामा. तुमी पयल्यांदा दिलेलं हे माझ्या हातातनं निगायचं न्हाई. हे नवं तुमी घाला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मीच ते मामांच्या हातात घातलं आणि लॉक दाबलं. पहिल्याच झटक्याला टक्कन बसलं. (या वेळी मी पूजेचं नाव काढलं नव्हतं.) मामांचे डोळे भरून आले. तात्यांनीसुद्धा नाक शिंकरलं. मामांनी मला जवळ घेतलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

घड्याळ फारच देखणं होतं हो ते नवं!