गुलाबी हरभरे

कृषी केंद्रासमोरून जाताना औषधांचा तो उग्र वास आला, की मला आसेगावची एक थंड सकाळ आठवते. मी दिवाळीनंतर पोरींना घेऊन सासरी राहिले होते. धाकटी खोकत होती, म्हणून दार लावून दोघींना घरातच बसवलं. आतल्या खोलीत ताडपत्रीवर गुलाबी हरभरे पसरलेले दिसले. जाऊबाईंनी मोबाईलवर बघून पोरींसाठीच रंगवले असतील, उग्र वासही त्या रंगाचाच असेल, असं वाटलं मला. मी शहरातली! कौतुकानं दहा दाणे थोरलीपुढे मांडले, मोजायला शिकवलं आणि चहा ठेवायला उठले. तेवढ्यात जाऊबाई आत आल्या अन् किंचाळल्या, "अवं, पेरायचं बियाणं हाये ते! किडीचं औषध लावेल हाये त्याले!" मी चहा तसाच टाकून पोरींकडे धावले. थोरली मात्र एकेका दाण्यावर बोट ठेवत म्हणाली, "आई, दहा नाहीत, नऊच हायेत." धाकटीचा गाल फुगलेला होता. मी तिच्या तोंडात बोट घातलं. दाणा अख्खाच निघाला, पण तिचे ओठ गुलाबी झाले होते. तोंड धुवून दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. काही झालं नाही. थोरली मात्र सारखी विचारत होती, "मी बरोबर मोजलं ना?"