आईचं गंगावन काळंच का राहिलं

आईचं गंगावन बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतं. तरुणपणी विंचरताना गळलेले स्वतःचेच केस साठवून, धुऊन, मुळाकडची टोकं एकत्र बांधून तिने ते केलं होतं. अंबाडा भरदार दिसावा म्हणून आत घालायचं. शिरोड्याला आमच्या वाडीतल्या बऱ्याच बायका तेव्हा असं करायच्या. यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि आईने तो डबा उघडला. मी बघतच राहिले. आईचं डोकं पांढरंशुभ्र, आणि त्याच डोक्यावरून कधीकाळी उतरलेले हे केस मात्र काळेभोर.

मला नसत्या चौकशांची खोड आहे. शाळेत विज्ञान शिकवून ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. लग्नघरातल्या बाईने मांडव, वाजंत्री, जेवणावळ बघावी. मी भिंग घेऊन केस बघत बसले. केस कातडीबाहेर आला की तो मेलेलाच असतो. रंग भरला जातो तो आत, मुळाशी, केस घडत असताना. रंग भरणाऱ्या पेशींचा साठा वयाबरोबर संपत जातो आणि पुढचे केस बिनरंगाचे येतात. म्हणजे काळा केस पांढरा होत नाही, काळ्याच्या जागी पांढरा उगवतो. गंगावनातले केस मुळापासून सुटले तेव्हा काळे होते. आता त्यांना पांढरं व्हायला सांगणार कोण?

पण डबा उघडूनही आईचा चेहरा पडलेलाच होता. दिवाळीत तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, ती हिंडूफिरू लागली, आणि सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना दोनेक महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागले. भांगाच्या दोन्ही बाजूंना कातडी दिसू लागली.

"लग्नाक मी येवचंय नाय," तिने जाहीर केलं. "अशी टकली घेवन? लोकां काय म्हणतली?"

आधी आम्हाला वाटलं, बोलण्यापुरतं बोलतेय. पण तिने लग्नासाठी घेतलेली साडी घडीसुद्धा न मोडता माझ्या हातात परत दिली, तेव्हा मी हादरले. माझी मुलगी या आजीच्या मांडीवर वाढलेली. आजीशिवाय लग्न, ही कल्पनाच तिला सहन होणारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

बाबा पडवीतून म्हणाले, "माझे टकल्यारसून घसारले ते कानात अडाकले. व्हये तर घेवा."

बाबांच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा झालाय, पण कानांत आणि भुवयांवर रान माजलंय. त्याचंही मला फार नवल वाटतं. पुरुषांच्या अंगातलं संप्रेरक एकच. डोक्यावरची मुळं त्याने आक्रसतात आणि कानातली फोफावतात. असं उलटं का, हे अजून कोणी मला नीट पटेल असं सांगितलेलं नाही.

आईला हसू आलं नाही. तिने परस्पर कलपाचं पाकीट मागवलं होतं. "डोक्याक कलप लावतलंय. गंगावन काळाच आसा. झाला!"

मागच्या खेपेला कलपाने तिचे डोळे सुजून बंद झाले होते आणि डॉक्टरांनी पुन्हा लावायचा नाही अशी ताकीद दिली होती. मी पाकीट हिसकावून घेतलं. आम्ही कडाकडा भांडलो. बाजारातून पांढरं गंगावन आणू म्हटलं, तर म्हणाली, "खंयच्या कोणाचे केस माझ्या टकल्यार?"

मग मी वर्गातला आवाज काढला. डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या पाळीने काही वर्षं वाढतो, मग काही महिने थांबतो आणि गळतो. मोठा ताप आला की पुष्कळ केस एकदमच थांबतात, म्हणून ते मागाहून एकदमच गळतात. वय झालं की वाढायची मुदत आखडते, केसही बारीक येतो, ते खरं. पण तापाने गेलेले बहुतेक परत येतात. मी तिला आरशासमोर बसवलं आणि कपाळाशी फुटलेली पांढरी लव दाखवली.

"परत येतत?" तिने आरशातल्या मला विचारलं.

"येतत."

"लग्नाआधी?"

इथे माझं विज्ञान संपलं. महिन्याभरात केस वाढून वाढून किती वाढणार? मला एकदम वेगळंच सुचलं. "आये, गळलेले केस टाकलंस काय?"

ती आत गेली आणि कापडाची एक पुरचुंडी घेऊन आली. सगळे पांढरे केस. "टाकूक जीव झालो नाय," ती म्हणाली.

ती दुपार आम्ही मागच्या अंगणात शिकेकाई आणि केसांत घालवली. पांढरे केस एकटे पुरणार नव्हते, तेव्हा काळे आत आणि पांढरे वरून, असं ठरलं. त्यासाठी जुनं गंगावन सोडलं, तर त्याच्या पोटातून लाल दोऱ्याने बांधलेला एक झुबका निघाला. तांबूस, मऊ, बारीक. आईचे केस जाडजूड. एवढे बारीक केस लहान मुलांचे असतात.

"ह्यो कोणाचो गो?"

"तुजो. ल्हान असताना तुका टायफॉइड झाल्लो. सगळे केस गळले तुजे."

केस गळलेले मला आठवतही नाहीत. माझ्या आठवणीत माझ्या दोन जाड वेण्याच आहेत. मग हे कशाला जपून ठेवलंस, असं मी विचारलं.

आई गुंता सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "परत येतत म्हणान तेव्हा माका कोणी सांगूक नाय. माका वाटला, गेले ते गेले. तुज्या लग्नाक गंगावन करूक लागतीत म्हणान ठेवलंय."

लव फुटेपर्यंत ही बाई रोज माझ्या डोक्याकडे कशी बघत असेल, ते डोळ्यांसमोर आलं. आरशात दाखवून "येतत" म्हणणारं तिला कोणीच नव्हतं.

"ह्यो बाजूक ठेवू?" तिने विचारलं.

"रवांदे. आतच घाल."

लग्नात आई सगळ्यांच्या पुढे बसली होती. पांढरा भरदार अंबाडा आणि त्यावर सुरंगीचा वळेसर, आमच्याकडचा पिवळा घमघमणारा गजरा. म्हातारीचे केस अजून काय दाट आहेत, असं बायका एकमेकींना सांगत होत्या, आणि आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. माझ्या लग्नासाठी तिने जपलेला तो झुबका माझ्या मुलीच्या लग्नात तिच्या अंबाड्यात होता. अक्षता टाकताना तिने दुसऱ्या हाताने तो अंबाडा हळूच चाचपून पाहिला.