हिरवा ठिपका

आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर बॅकअप घेणारी एक सर्व्हिस, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, पडद्यामागे सतत चालते आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. रजिस्ट्रारसाहेब रोज सकाळी चहाचा कप घेऊन येतात, त्या ठिपक्याचं दर्शन घेतात आणि "चालू आहे" म्हणून निघून जातात.

आज मी तो नीट पाहिला. ठिपका क्षणभर विझायचा आणि पुन्हा उजळायचा. बंद पडलीस की लगेच सुरू हो, असं कुणा शहाण्यानं त्या सर्व्हिसला सांगून ठेवलं होतं, म्हणून ती मरत होती आणि पुन्हा उठत होती. मुलांचे गुण जिच्यावर जपून ठेवायचे ती डिस्कच जागेवर नव्हती. शोधल्यावर कपाटात सापडली, हळदकुंकू लावलेली, झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली. दसऱ्याला काढून पाटावर मांडली, पूजा केली, आणि परत जोडायची कुणाला आठवणच झाली नाही. तेव्हापासून मुलांचे गुण रामभरोसे.

त्या सर्व्हिसचा मला तिटकारा आला, आणि तो ओळखीचा होता. दिवसभर धापा टाकायच्या, काम शून्य, आणि नाव कायम हिरव्यात! अशा माणसांचे सत्कार मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

डिस्क जोडण्यासाठी मी सर्व्हिस थांबवली. ठिपका लाल झाला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच खरं बोलत होता.

रजिस्ट्रारसाहेब धावत आले. "अहो, काय करून ठेवलंत हे? चांगलं चाललं होतं की!"