काश्काच्या नावाचे ठोके

पेटीत दोन पट्टे होते. लांब घोड्याचा, आखूड स्वाराचा. दोन्हींना ठोके मोजणारी काळी टिकली सारखीच, आणि फोनमध्ये नावं देताना मी घोड्याच्या टिकलीला ‘स्वार’ आणि स्वाराच्या टिकलीला ‘काश्का’ करून टाकलं. अत-बाशीच्या शाळेत मला संगणकात पाचपैकी पाच होते, हे इथेच सांगून ठेवतो.

काश्का म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेला तालायबाइकेंचा घोडा. बाइकेंची गावात दोन दुकानं आणि एक पेट्रोलपंप. घोडा मात्र राहायचा एसेनकुल आकेंच्या अंगणात. त्यांच्याच घोडीचं ते शिंगरू. दूध तुटल्यावर आकेंनी ते बाइकेंना विकलं, पण अट घातली: शर्यतीला तयार करीन तो मीच.

जन्मभर त्यांनी तेवढंच केलं. सरकारी सामूहिक शेत होतं तोवर शेताचे घोडे. शेत मोडलं, तेव्हा ज्याच्याकडे घोडा उरला त्याचे. मेंढ्या वाढवल्या नाहीत, दुकान टाकलं नाही. त्यांची बायको सायराकान आपा म्हणायच्या, “लग्न ठरलं तेव्हा मला कुणी बोललं नाही, की मी दुसरी म्हणून.” पहिली कोण, हे विचारावं लागत नसे. ती दारात बांधलेली असे.

आता गावात शर्यतीचे घोडे ठेवणारे दोघं-तिघंच, आणि तेही आपली माणसं बाहेरून आणणारे. काश्का गेला, तर आकेंच्या दारात दुसरा घोडा कुणी बांधणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, आपांना ठाऊक होतं, आणि खुंट्याला बोलता येत असतं तर त्यानंही ते सांगितलं असतं.

शरदातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नियम कडक. प्रत्येक टप्प्यानंतर डॉक्टर घोड्याची छाती तपासतो. वीस मिनिटांत ठोके चौसष्टवर उतरले नाहीत, की घोडा बाद. म्हणून बाइकेंनी पेटी मागवली आणि ती सांभाळायला मला ठेवलं. रोज घोडा पळवायचा, ठोके किती वेळात खाली येतात ते बघायचं, त्यावरून दुसऱ्या दिवशी दौड की आराम ते ठरवायचं.

आकेंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. “घोड्याला चोळी शिवलीस होय रे?”

“चोळी नाही, आके. छातीचं माप घेतं ते.”

“मग चोळीच की!”

पण लगेच त्यांनी कापूस भरलेला जाड अंगरखा वर केला. “आधी मला बांध. मला जाचलं तर त्यालाही जाचेल.” आखूड पट्टा मी त्यांच्या छातीला बांधला, लांब काश्काला. संध्याकाळी त्यांनी तो काढला असणार, असं मी धरून चाललो. त्यांनी काढलाच नाही. घोड्याच्या अंगावर जोवर आहे तोवर माझ्याही, असा त्यांचा हिशेब.

पहिल्या दौडीनंतर ते काश्काला हातात धरून फिरवत होते. फोनवर काश्काचे ठोके एकशे वीस. वीस मिनिटं झाली, एकशे दहा. अर्धा तास, तरी तेच. ‘स्वार’ नावाखाली कधी पन्नास, कधी चाळीस. तिकडे मी बघितलं नाही. स्वाराची छाती कोण बघतं?

“आके, उतरत नाहीये.”

त्यांनी काश्काच्या कोपराच्या मागे तळवा लावला, डोळे मिटले. या तळव्यासाठी पूर्वी दुसऱ्या खोऱ्यातून लोक यायचे.

“खरंय,” ते म्हणाले. “धडधडतंय.”

धडधडत होतंच. त्यांच्या स्वतःच्या बोटांत.

मग घोड्याचे लाड सुरू झाले. दौड बंद. शर्यतीच्या घोड्याला रात्रभर उपाशी बांधून ठेवायची आमची जुनी रीत. ती बाइकेंनी बंद पाडली. “तुमच्या त्या उपाशी बांधण्यानंच त्याची छाती गेली, आके,” ते चारचौघांत म्हणाले. काश्काला नवी झूल आली, निवडलेले जव आले, मध घातलेलं कोमट पाणी आलं. ते पाणी ओढ्यावरून आणून तापवायचे आके. दिवसातून चार वेळा, चढ चढून.

आपा एकदा कुंपणावरून ओरडल्या, “अहो, जरा बसा! ओठ बघा, निळे पडलेत!”

“घोडा आजारी आहे आणि मी बसू?”

पंधरवडा उलटला तरी फोनवरचा आकडा हलेना, तेव्हा बाइकेंनी नारिनहून जनावरांचा डॉक्टर आणला. त्यानं कानाला नळी लावून काश्काची छाती ऐकली, मग माझ्याकडे बघितलं.

“तुझा फोन काय म्हणतोय?”

“एकशे अठरा.”

“इथे चाळीससुद्धा नाहीत. घड्याळासारखा चाललाय घोडा. हा आकडा कुणाचा?”

अंगणात आम्ही चौघं, एक घोडा आणि एक कुत्रं. आकेंनी पाण्याची बादली खाली ठेवली आणि सावकाश अंगरख्याचे बंद सोडले. आतून काळी टिकली दिसली.

तालायबाइकेंनी दोन्ही हात आभाळाकडे केले. “या अल्ला, वाचलो! म्हाताऱ्याचं आहे होय!”

आणि ते हसले. डॉक्टरही हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. आके हसणाऱ्यांत होते, पण त्यांचा हात काश्काच्या मानेवर होता आणि तिथून तो निघत नव्हता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांना भरती करून घेतलं. छातीचा ताल पार बिघडलाय, चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, विश्रांती घ्या, असं सांगितलं. बाइके सफरचंदांची पिशवी घेऊन भेटायला गेले. मी दाराशी उभा होतो.

“आता घोडा माझ्या तबेल्यात नेतो, आके. बिश्केकहून माणूस येतोय. शर्यतीच्या मध्येच तुम्ही कोसळलात, तर घोडा कुणी सांभाळायचा?”

“आकडा घोड्याचा होता, तेव्हा मी चुकलो म्हणालास,” आके म्हणाले. “आता माझा निघाला, तरी घोडा नेतोस.”

“विश्रांती घ्या हो. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

“त्याला विश्रांती दिलीस, तेव्हा त्याच्या पुढ्यात जव टाकलेस. माझ्या पुढ्यात काय टाकतोस?”

बाइकेंनी सफरचंदांची पिशवी जरा पुढे सरकवली.

काश्काला अंगणातून मीच नेला. आमच्याकडे घोडा गेला तरी मोरकी, म्हणजे त्याच्या तोंडाला बांधलेली दोरी, घरात राहते. ती गेली तर घराचं नशीबही तिच्या मागून चालतं होतं. शिंगरू विकलं तेव्हा ते अंगणातून हललंच नव्हतं, म्हणून मोरकी काढायची वेळ आली नव्हती. आकेंनी स्वतः घोड्याच्या केसांची विणलेली ती मोरकी. मी तीच धरून निघालो. आपा ओट्यावरून धावत आल्या. “अरे, मोरकी! मोरकी ठेव!”

“उद्या आणून देतो, आपा. आत्ता घोडा कशानं धरू?”

काश्का शर्यतीत दुसरा आला. प्रत्येक टप्प्यावर त्याचे ठोके दहा मिनिटांत उतरले. बिश्केकच्या माणसाला मानाचा कोट मिळाला, मला पगारवाढ मिळाली, आणि बाइकेंनी यंत्राचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. मोरकी मागायला गेलो, तर म्हणाले, “वेडा आहेस का? लाभलीय मला ती. राहू दे.”

आके घरी आलेत. खुंट्याजवळच्या बाकावर बसतात, गोळ्या घेतात किंवा विसरतात. आखूड पट्टा पेटीत परत ठेवायला हवा, म्हणून मागायला गेलो, तर त्यांनी अंगरखा आवळून घेतला. “मोरकी आण, चोळी ने.”

फोनमधलं नाव मी अजून बदललेलं नाही. त्यांच्या कुंपणाजवळून गेलं, की तो खिशात थरथरतो: काश्का जोडला गेला. मग आकडा येतो. हल्ली मी तो बघत नाही. पण कुंपण बुटकं आहे, आणि आकेंचे डोळे धड आहेत.

“आणलीस का रे?”

“उद्या, आके.”