अक्कांची बोटं आणि माझं लिनक्स

परवा इथे तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी चांगलीच जिरली... आणि जिरली याचा आनंदच झाला.

आमच्या खाली सरोजाअक्का राहतात. तंजावरच्या मराठी, सरकारी ऑफिसात जन्मभर टायपिस्ट. दर महिन्याला त्या सगळ्या भावंडांना एक पत्र टाइप करतात... इंग्रजी अक्षरांत, पण भाषा घरची मराठी.

अकरा प्रती काढून एक तारखेला पोस्टात. तंजावरला त्यांची थोरली बहीण ते कुणाकडून तरी वाचून घेते. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

या पावसात घरात पाणी शिरलं आणि त्यांचा डॉसवाला जुना पीसी गेला. काचबिंदूमुळे अक्कांना स्क्रीन जेमतेम दिसते, हातानं लिहिणं तर कधीच बंद झालंय. टाइप करता आलं नाही तर पत्र संपलं.

मला लिनक्सचं, त्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं, वेड. माझा जुना डेस्कटॉप खाली नेला, त्यावर मोठ्ठं ऑफिस पॅकेज टाकलं आणि माउस कसा धरायचा ते शिकवायला बसले. अक्कांनी माउस हळूच बाजूला सरकवला आणि त्या टाइप करायला लागल्या.

पान अर्धं झालं आणि सगळं पत्र गायब. त्यांच्या जुन्या वर्ड प्रोसेसरमध्ये कंट्रोल-ए म्हणजे एक शब्द मागे, कंट्रोल-एक्स म्हणजे एक ओळ खाली... माझ्या पॅकेजमध्ये पहिल्यानं सगळं सिलेक्ट झालं आणि दुसऱ्यानं कट. मी परत आणून दिलं, पण तासाभरात हे तीनदा झालं.

"तू सांगतेस ते बरोबर असेल मा," अक्का म्हणाल्या, "पण माझी बोटं आता नवीन काही शिकणार नाहीत." आणि कीबोर्डवर टॉवेल झाकला. एक तारखेला दोनच दिवस उरले होते. मला फार वाईट वाटलं.

लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर विचारलं. तिरुवल्लिकेणीच्या कुठल्याशा मॅन्शनमध्ये, म्हणजे इथल्या बॅचलर लॉजमध्ये, राहणाऱ्या एकानं दोन ओळींत उत्तर दिलं... जुन्या कीज जशाच्या तशा चालवणारा एक छोटा एडिटर प्रोग्रॅम आहे, तुझ्या मशीनवर आधीपासूनच असेल. होता की. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, म्हणून मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अक्का बसल्या. कंट्रोल-ए... शब्द मागे. कंट्रोल-एक्स... ओळ खाली. मग त्यांनी चष्माच काढून ठेवला आणि टाइप करत सुटल्या. असा हात आमच्या अख्ख्या ऑफिसात कुणाचा नाही.

तपासायचं म्हणून मी मोठ्यानं वाचलं. दोन पानांत एक चूक नाही. शेवटी लिहिलं होतं, "वरच्या मजल्यावर साताऱ्याची एक मुलगी राहते. हट्टी आहे, पण आपलं चुकलं की कबूल करते आणि परत येते."

मी तीच ओळ परत एकदा वाचली. अक्का म्हणाल्या, "पुढे वाच मा, अजून सही राहिलीये."

पत्र एक तारखेला गेलं. ऑफिसच्या अप्रेझलमध्ये इतका चांगला शेरा मला आजवर कुणी दिलेला नाही... आणि हा तर आता तंजावरला मोठ्यानं वाचून दाखवतील.