तोगारेपीचा उजवा खांदा

झांबेझीच्या आमच्या काठावर माणूस लांबून येताना दिसला तरी चालीवरून कळतं, कोण ते. तोगारेपीला मी त्याच्या उजव्या खांद्यावरून ओळखायचो. डाव्यापेक्षा तो दोन बोटं खाली होता. पंधरा वर्षं तो जिल्हा परिषदेचा शिकारी. हत्ती ज्वारीत शिरला किंवा रानरेड्यानं माणूस पाडला, की गावं त्याला बोलावणं धाडत. मी त्याचा माग काढणारा. ठसे मी वाचायचे, गोळी त्यानं घालायची. मी जमिनीकडे बघायचं, त्यानं समोर, अशी आमची वाटणी.

शिवाय मी त्याचा साहविरा. माझ्या आजानं त्याच्या आजाला मूठमाती दिली, त्याच्या बापानं माझ्या बापाला. असं नातं असलं की साहविऱ्याचं तोंड मोकळं. मी त्याला चारचौघांत आळशी म्हणावं, भित्रा म्हणावं, त्याच्या ताटातलं मासळीचं डोकं उचलून खावं. त्यानं रागवायचं नाही. त्याचं कुळ हत्तीचं, म्हणून आम्ही त्याला समान्यांगा म्हणायचो, सुळ्यांचा धनी. हत्ती त्यानं कितीक मारले, पण ते मांस कधी तोंडाला लावलं नाही.

परिषदेनं त्याला दोन बंदुका दिल्या होत्या. थोरली चारशे अठ्ठावन्न मापाची. तिची गोळी पावणेतीन तोळ्यांची, हत्तीच्या कवटीत वीतभर हाड फोडून मेंदूपर्यंत जाणारी. धाकटी तीनशे पंचाहत्तरची, गोळी पावणेदोन तोळ्यांची. थोरली मागे येते ती गाढवानं लाथ घालावी तशी. उभ्यानं झाडली तर अंग मागे झुलतं आणि लाथ अंगात जिरते. पण सहा वर्षांपूर्वी एका हत्तिणीनं आम्हाला घळीत कोंडलं, तेव्हा तोगारेपी वारुळाला पाठ टेकून बसला होता, आणि त्यानं तशीच झाडली. खांद्याला मागे जायला जागाच नव्हती. हत्तीण पडली. त्याचं गळ्याखालचं आडवं हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं, गोळीच्या आवाजातसुद्धा.

हाड सांधलं. आम्ही सगळे समजलो, झालं.

दोन वर्षांनी कोरड्या नदीपात्रात तो निशाण तपासत होता. काडतुसं माझ्या पट्ट्यात असायची. मी चेष्टेनं एक बारूद नसलेलं काडतूस त्याच्या हातात ठेवलं. त्यानं नेम धरला, घोडा दाबला. आवाज झालाच नाही. बंदुकीचं तोंड मात्र वाळूकडे हातभर खाली गेलं, आणि त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले. लहान पोरानं चपराकीची वाट बघावी, तसे.

मी वाळूत लोळून हसलो. "समान्यांगा, तू झोपेत शिकार करतोस होय रे!"

"गप, माकडा," तो म्हणाला, आणि स्वतःही हसला. पण बंदूक उतरवून तो उजवा खांदा चोळायला लागला. ते मी बघितलं, आणि तरी हसतच राहिलो.

पुढे ती माझी नक्कलच झाली. सात दिवसांची ज्वारीची दारू उतरली, मंडळी जमली, की मी कुदळीचा दांडा खांद्याला लावायचो, डोळे मिटायचो आणि दांडा जमिनीत खुपसायचो. बाया पोट धरून हसत. त्याची बायको त्स्वाकाई म्हणायची, "बस करा हो साहविरा, माझ्या नवऱ्याची अब्रू दारूत बुडवली तुम्ही." तीही हसायची.

एकदा मात्र मी ठरवून गेलो. परिषदेचे साहेब आले होते. मी म्हटलं, "साहेब, याला थोरली बंदूक देऊ नका. हा डोळे मिटून झाडतो. हत्तीपुरती दुसऱ्या कोणाला द्या, रेड्याला धाकटी पुरते."

साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "साहविऱ्याची जीभ ती! अजून काय करतो हा, सांग."

मला वेगळा आवाज काढायचा होता. निघाला नाही. तोगारेपीबद्दल बोलायची माझ्या तोंडाला एकच रीत ठाऊक होती. मी म्हणालो, "बायकोला विचारून घोडा दाबतो." सगळे पुन्हा हसले.

साहेब येऊन गेले त्याच वर्षी बोरांच्या दिवसांत नदीकाठी बोरं वेचणाऱ्या एका बाईला रेड्यानं फाडलं. एकटा म्हातारा रेडा, मागच्या पायात फासाची तार रुतलेली. ठशात पू दिसत होता. निघताना मी धाकटी बंदूक तोगारेपीपुढे धरली.

"ही घे."

"म्हाताऱ्यांची काठी मला देतोस?"

"बैलाएवढं जनावर आहे, हत्ती नाही. हिनं नीट त्याच्या खांद्यात घातलीस तर बसेल. थोरली तुझं ऐकत नाही."

"माझं घरातसुद्धा कोणी ऐकत नाही. मग घर सोडू?"

"समान्यांगा, मी खरं बोलतोय."

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "थोरली सोडली तर गाव मला काय म्हणून हाक मारेल?" आणि चालायला लागला. धाकटी मी माझ्या खांद्यावर घेतली. ती उचलायची मला परवानगी नव्हती.

दुपारी बोरीच्या दाट झाडोऱ्यात ठसे वळले. रेडा आपल्याच वाटेवर उलटा येऊन वाऱ्याआड उभा होता. वीस पावलांवरून निघाला, नाक वर करून. पहिली गोळी शिकाऱ्याची, हा आमचा रिवाज. मी बंदूक खांद्याला लावून थांबलो. त्या वेळी मी रेड्याकडे बघायला हवं होतं. मी तोगारेपीच्या डोळ्यांकडे बघितलं.

ते मिटले.

गोळी रेड्याच्या पुढच्या पायांमधून जमिनीत गेली, माती उडाली. दुसरं काडतूस चढवायला वेळच राहिला नाही. मी झाडली तेव्हा रेडा त्याच्यावर पोचला होता. पावणेदोन तोळ्यांची गोळी मानेच्या मुळात शिरली आणि एवढं मोठं जनावर गुडघे मोडून जागच्या जागी बसलं, तोगारेपीच्या पायांवर. तोगारेपीचं पोट शिंगानं त्याआधीच फाटलं होतं.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"पडला?" त्यानं विचारलं.

"पडला."

"कुणाच्या गोळीनं?"

"तुझ्याच, समान्यांगा."

त्याला ते पटलं. साहविरा म्हणून आयुष्यभर त्याला खरं ते थट्टेत सांगितलं होतं. हे एक खोटं साध्या आवाजात सांगितलं. परिषदेची गाडी यायच्या आत तो गेला.

पुरण्याच्या दिवशी साहविऱ्यानं मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायची असते. रडणाऱ्यांना हसवायचं असतं. त्स्वाकाईनं घडी मोडून त्याचा दुसरा खाकी शर्ट माझ्या हातात दिला. मी तो अंगात घातला आणि उजवा खांदा जड लागला. आत हात घालून बघितलं. जुन्या घोंगडीचे चार पदर, बंदुकीची लाथ जिरवायला बारीक टाके घालून शिवलेले. एक थर विटलेला, त्यावर नवा, त्यावर आणखी नवा. दरसाल एक, असं दिसत होतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं अंगावरच्या कापडाच्या टोकानं तोंड झाकलं होतं, पण नजर हलवली नाही.

कुणीतरी कुदळीचा दांडा दिला. मी खांदा पाडून चाललो, त्याच्यासारखं खोकलो, नाक शिंकरलं. लोक हसायला लागले. मग ओरडले, "झाड रे! झाड! डोळे मिट!" साहेबही आले होते. तेही पुढे सरकून बघत होते.

मी दांडा त्या पदरांवर टेकवला. नेम धरला. डोळे मिटायचे होते, आणि ते मिटेनात. तसाच उघड्या डोळ्यांनी उभा राहिलो.

हसणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागच्या. साहेबांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिले. मी ही नक्कल कशाची करत होतो, ते इतक्या वर्षांनी सगळ्यांना एकदमच कळलं असावं.

त्स्वाकाई उठली. माझ्या हातातला दांडा तिनं घेतला आणि खड्ड्याशी नेऊन ठेवला. "चला साहविरा," ती म्हणाली, "माती तुम्हीच लोटायची आहे."