आता ती घरीच आली ना

आमच्या ख्रिस्ती मंडळीला सेवेसाठी माणूस पाठवायचं कळतं, परत घ्यायचं कळत नाही. हे मी पाळकसाहेबांच्या तोंडावर बोललेय, तेव्हा इथं लिहायला भीती कसली?

मी निवृत्त शिक्षिका. संग्रामपूरकडच्या आमच्या लहानशा मंडळीत आम्ही तिघी बाया एक काम करतो. बाहेरदेशी सेवेला गेलेलं कोणी कायमचं परत आलं, की त्याच्या घरी जाऊन बसायचं. भाजी निवडू लागायची, दवाखान्यात सोबत जायचं, बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर आपणही गप्प राहायचं. पगार नाही, पद नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी आम्हाला 'गप्पांची कमिटी' असं नावही ठेवलं होतं. ठेवू दे, त्यांचं तोंड काही मी धरणार नाही.

तर ती. आमच्याच गावची नर्स. आफ्रिकेतल्या एका देशात बाळंतिणींच्या दवाखान्यात सेवा करायला गेली होती. दहा-अकरा वर्षं राहिली. दर रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेत दुसऱ्यांसाठी मागायची प्रार्थना असते, त्यात या नर्सचं नाव ठरलेलं. आधी आजारी माणसं, मग शेतीवाडी, मग सरकार, मग ती. लेकरांनासुद्धा हा क्रम पाठ होता. मग तिकडे लढाई पेटली, दवाखाना बंद पडला आणि तिला अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवून दिलं. सोबत काम करणाऱ्या तिथल्या सुईणी मागे राहिल्या. त्या जगल्या की मेल्या, तिला आजही ठाऊक नाही.

अशी बाई गावात आली तर आमच्या लोकांनी काय करावं? बँड लावला. एसटी स्टँडवर फटाक्यांची माळ फोडली. पहिल्या आवाजासरशी ती डोकं हातांत धरून खाली बसली. लोकांना वाटलं, गावच्या मातीला नमस्कार करते आहे. टाळ्या वाजवल्या हो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्या बँडवाल्याचा ढोल हातानं दाबून धरला, तर मलाच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब हजर. साक्ष द्यायची म्हणाले. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आधी आपल्या मंडळीत, मग शेजारच्या, मग तरुणांच्या शिबिरात. पाळकबाईंनी साडीसुद्धा सुचवली. ती साक्षच नको म्हणाली. तर दुःखाचं थोडक्यात आटप, शेवट आनंदाचा कर, लोकांचा विश्वास वाढला पाहिजे, असं तिलाच समजावू लागले. ही बाई झोपत नाही, उठून उठून दाराची कडी बघते, आधी तिला नीट बसू तर द्या, असं मी म्हटलं. बाई, तुम्ही फार मनावर घेता, असं मला उत्तर मिळालं. घेते. तुम्ही कोणी घेत नाही म्हणून मला घ्यावं लागतं.

ती आमच्याशीही फार बोलायची नाही. एकदा शेंगा सोलता सोलता मात्र बोलली. तिकडे रविवार उजाडला की तिला बळ यायचं म्हणे. आत्ता माझ्या गावात माझं नाव घेत असतील, या एका विचारावर आठवडा निघायचा. मग म्हणाली, या रविवारी येते देवळात, एकदा माझ्या कानांनी ऐकते. तेवढ्यासाठी ती आली. माझ्याच बाकावर बसली.

प्रार्थना सुरू झाली. आजारी माणसं झाली. शेतीवाडी झाली. सरकार झालं. आणि आमेन.

मी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ती अजून डोळे मिटून थांबली होती.

उपासना संपल्या संपल्या मी प्रार्थना करणाऱ्या पंचांना व्हरांड्यात गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "आता ती घरीच आली ना बाई. आता काय मागाचं तिच्यासाठी?" आणि भोवतीची माणसं माना हलवत होती! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ती लांब होती तेव्हा आमची होती, आणि डोळ्यांसमोर बसली तर काम संपलं? घरी जाताना ती एवढंच बोलली, "तिकडंच मेली असती, त नाव त घेत राह्यले असते." रस्ताभर मी तिचा हात सोडला नाही.

मग तिनं आपणहून कळवलं, पुढच्या रविवारी साक्ष देते. पाळकसाहेब खूश. मला मात्र धडकी भरली.

देऊळ गच्च भरलं होतं. ती समोर गेली, साध्या घरच्या साडीत. "मी तिकडं होती तवा तुमी माह्यासाठी मागत होते," ती म्हणाली. "आता मी इथं हाय. आता काऊन नाही मागत?"

बस. झाली साक्ष. ती खाली उतरून सरळ बाहेर गेली. एक माणूस उठला नाही. पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं. गाणं! त्या पेटीचा भाता फाडून टाकावासा वाटला मला.

आम्ही तिघी उठलो. ती बाहेर पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आम्ही तिच्याभोवती बसलो आणि तिचं नाव घेऊन मागू लागलो. आतलं गाणं चढलं तसा आम्हीही आवाज चढवला. मी देवाशी भांडतच होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात तेच पंच दारात आले. जरा हळू, आत उपासना चालू आहे, म्हणाले. मी तोंड उघडणार, तर तिनंच मान वर केली.

"घेऊ द्या नं नाव," ती म्हणाली. "मले ऐकाचं हाय."